अंबरसिंग महाराज कोण होते? शहाद्यात भूमुक्तीची परिषद भरवणाऱ्या भिल्ल तरुणाची गोष्ट

अक्कलकुव्याहून बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याने पूर्वेकडे निघालं की आधी तळोदा लागतं आणि मग शहादा. डाव्या हाताला सातपुड्याची रांग बराच वेळ सोबत असते. उजवीकडे तापीच्या खोऱ्यातली काळी, सपाट जमीन पसरलेली दिसते. कापूस, ऊस, केळी, मिरची, पपई असं सगळं तिथं पिकतं.

या रस्त्याच्या दोन्ही बाजूंचं नातं फार जुनं आहे. डोंगरातली आणि पायथ्याची माणसं कामासाठी सपाटीवर उतरतात, पीक निघेपर्यंत राबतात आणि परत फिरतात. सपाटीवरच्या किती तरी शेतांबद्दल भिल्लांच्या वस्त्यांमध्ये एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जायची. ज्या शेतात आज मजुरी करतो, ते शेत आजोबांचं होतं.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, पण ती मोठ्यानं, सभेत, नाव आणि गट नंबर घेऊन सांगायची हिंमत कुणाकडे नव्हती. 1972 साली शहाद्यात ते घडलं. ते घडवून आणणाऱ्या तरुणाचं नाव होतं अंबरसिंग सुरतवंती. लोक त्यांना अंबरसिंग महाराज म्हणत.

आज शहादा-तळोद्याच्या आदिवासी वस्त्यांमध्ये हे नाव आदरानं घेतलं जातं. बाहेरच्या महाराष्ट्राला मात्र ते फारसं माहीत नाही. अंबरसिंग कोण होते आणि त्यांनी नेमकं काय केलं, हे समजून घ्यायचं तर आधी या भागातली जमीन कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेली ते पाहावं लागतं.

जमीन गेली कशी?

आजचा नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याआधी हा सगळा मुलूख धुळे जिल्ह्यात होता आणि त्याहून आधी पश्चिम खानदेशात. 2011 च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यातली जवळपास 69 टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. भिल्ल, पावरा, कोकणा, मावची असे अनेक समाज इथं राहतात. अक्कलकुवा, अक्राणी, तळोदा आणि नवापूर हे तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात. शहादा आणि नंदुरबार तालुक्यांचा काही भाग त्यात आहे.

1818 मध्ये पेशवाई संपली आणि खानदेश इंग्रजांकडे आला. त्यानंतर बरीच वर्षं भिल्लांनी त्यांना दाद दिली नाही. मग इंग्रजांनी दोन्ही हातांनी काम सुरू केलं. एका हातात बंदूक होती आणि दुसऱ्या हातात नांगर. भिल्लांची पलटण उभी केली गेली आणि भिल्ल कुटुंबांना शेतीवर बसवण्याचे प्रयत्न झाले.

पुढे जमिनीची मोजणी झाली, सारा ठरला आणि जमीन कागदावर आली. जमीन कागदावर आली की ती गहाण ठेवता येते, विकता येते आणि कर्जापोटी जप्तही होते. सारा रोख भरायचा असे. पाऊस कमी झाला, बैल मेला, घरात लग्न निघालं की सावकाराकडे जावं लागे. कागद मराठीत असायचा, कोर्ट सपाटीवरच्या गावात असायचं आणि भिल्लाची बोली वेगळी. अंगठा कशावर उमटला हे त्याला अनेकदा जमीन गेल्यावरच कळायचं.

आदिवासींची जमीन सहजासहजी विकली जाऊ नये म्हणून बंधनं नव्हती असं नाही. इंग्रजी राजवटीतही तसे नियम होते आणि स्वातंत्र्यानंतरच्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही आले. अडचण अंमलबजावणीत होती. जमीन नावावर आदिवासीच्या आणि कसायला दुसऱ्याकडे, असा मार्ग निघायचा. तोंडी गहाण, खोटा खंड, जुन्या कर्जाचा न संपणारा हिशोब, असे इतरही मार्ग होते.

दुसरीकडे सपाटीवरची शेती बदलत होती. गुजर समाजातल्या आणि इतर मोठ्या शेतकऱ्यांनी मेहनतीनं आणि हुशारीनं शेती वाढवली. विहिरी, उपसा सिंचन, ट्रॅक्टर आले. सहकारी संस्था उभ्या राहिल्या आणि शहाद्याजवळ सहकारी साखर कारखाना आला. जमिनीची किंमत वाढत गेली. जितकी किंमत वाढली, तितकी भिल्लांची उरलीसुरली जमीनही जाऊ लागली. 1960 च्या दशकाच्या शेवटी परिस्थिती अशी होती की पायथ्याच्या अनेक गावांत बहुसंख्य भिल्ल कुटुंबं भूमिहीन होती आणि मजुरीवर जगत होती.

सालदार म्हणजे काय?

अंबरसिंगांच्या कामात सालदार हा शब्द वारंवार येतो, म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा.

सालदार म्हणजे वर्षभराच्या बोलीवर एका शेतकऱ्याकडे बांधलेला गडी. खानदेशात त्याचं वर्ष साधारण गुढीपाडव्याला किंवा आखाजीला सुरू होतं. वर्षाची रक्कम आधी ठरते. त्यातली काही उचल म्हणून सुरुवातीलाच घेतली जाते. मग पहाटे गुरांच्या वैरणीपासून रात्रीच्या पाणी देण्यापर्यंत जे पडेल ते काम. सुट्टी ठरलेली नाही, कामाचे तास ठरलेले नाहीत. आजारी पडला तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जाणार.

वर्ष संपताना हिशोब होतो, तेव्हा उचल आणि खाडे मिळून अनेकदा सालदाराच्याच नावावर बाकी निघते. ती फेडण्यासाठी पुढचं साल त्याच दारात. कागदावर हा करार होता. प्रत्यक्षात तो कितीतरी जणांसाठी सुटका नसलेला बंध होता.

पावसाळ्यापूर्वी घरातलं धान्य संपलं की मालकाकडून खावटी घ्यायची. नवं पीक आलं की ती वाढीदिढीनं परत करायची. बायका रोजानं निंदणी-वेचणीला जात. त्यांची मजुरी पुरुषांहून कमी होती. शेतात रखवालदारानं अडवलं, चोरीचा आळ घेतला, अंगावर हात टाकला तरी तक्रार करायची कुठं, हा प्रश्नच होता. गावचं पोलीस पाटीलपद, सोसायटी, पंचायत हे सगळं ज्यांच्या हातात होतं, त्यांच्याविरुद्धच ती तक्रार असायची.

मतदानाचा हक्क भिल्लांना 1950 च्या राज्यघटनेनं दिला होता. निवडणुका होत होत्या. पण गावातल्या रोजच्या कारभारात सालदाराला मत विचारलं जात नव्हतं. तो सभेला आलाच तर सतरंजी घालायला यायचा.

भजन, दारूबंदी आणि एक शिकलेला तरुण

अंबरसिंग सुरतवंती शहादा तालुक्यातल्या पाडळद्याचे. ते भिल्ल समाजातले. त्या काळात या समाजात शिकलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती आणि अंबरसिंग त्यांपैकी एक होते. शिकलेल्या भिल्ल तरुणापुढे तेव्हा एक सरळ वाट असायची. सरकारी नोकरी धरायची आणि वस्तीपासून हळूहळू लांब जायचं. अंबरसिंगांनी वस्तीतच काम करायचं ठरवलं आणि ते सर्वोदय चळवळीशी जोडले गेले.

सर्वोदय हा विचार या भागाला नवा नव्हता. विनोबा भावे यांच्या भूदान चळवळीची सुरुवात 1951 साली तेलंगणातल्या पोचमपल्लीत झाली. 1958 मध्ये विनोबांची पदयात्रा पश्चिम खानदेशात आली. अक्राणी महाल म्हणजे आजचा धडगाव परिसर. तिथल्या डोंगरपट्ट्यात अनेक पाड्यांनी ग्रामदान जाहीर केलं होतं. ग्रामदान म्हणजे गावातल्या जमिनीची मालकी गावसभेकडे देणं. डोंगरात जमीन थोडी, उतरणीची आणि बहुतेकांकडे सारखीच. तिथं हा विचार रुजायला सोपा होता. सपाटीवर मात्र ज्याच्याकडे द्यायला जमीन होती तो द्यायला तयार नव्हता आणि ज्याला द्यायची इच्छा होती त्याच्याकडे जमीनच नव्हती.

याही आधीचा एक धागा होता. 1930 च्या दशकात तळोदा तालुक्यातल्या मोरवड-रंजनपूर भागात गुलाम महाराज नावाचे भिल्ल सत्पुरुष होऊन गेले. दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना मानानं हाक मारा, असा त्यांचा उपदेश होता. त्यांच्या आरतीला हजारो माणसं जमत. 1938 मध्ये त्यांचं निधन झालं, पण भजन आणि सुधारणेची ती परंपरा सातपुड्याच्या पायथ्याशी टिकून राहिली. समाजाला चांगलं वळण लावू पाहणाऱ्या माणसाला महाराज म्हणायची रीतही टिकली. अंबरसिंगांच्या नावापुढे महाराज लागलं ते याच रीतीनं.

भजन आणि व्यसनमुक्ती यांत ताकद होती. दारू सुटली की उचल कमी घ्यावी लागते, घरात दोन घास जास्त येतात. पण दारू सोडलेला सालदारसुद्धा सालदारच राहत होता. त्याची गेलेली जमीन सदाचारानं परत येत नव्हती. उपदेशाला कुठंतरी मर्यादा आहे हे वस्त्यांमध्ये फिरणाऱ्या कार्यकर्त्याला दिसतच होतं. ती मर्यादा सगळ्यांना एकदम दिसली 1971 च्या मे महिन्यात.

पाटीलवाडीत काय घडलं?

2 मे 1971. शहादा तालुक्यातली पाटीलवाडी. उन्हाळ्याचे दिवस होते. शेतातली कामं संपलेली, मजुरी बंद आणि घरातलं धान्य संपत आलेलं. आदिवासी मजूर धान्य मिळावं म्हणून एका मोठ्या शेतकऱ्याकडे गेले. ते मिळालं नाही. त्यातून पुढचा प्रसंग उद्भवला. जमावानं धान्य नेलं, मालकांच्या बाजूनं माणसं जमली, बंदुका निघाल्या. गोळीबारात एक आदिवासी मारला गेला.

सरकारदरबारी या घटनेची पहिली नोंद दरोडा अशी होत होती. वस्त्यांमध्ये ती भूक अशी सांगितली जात होती. एकाच घटनेच्या या दोन नावांमधलं अंतर हाच खरा प्रश्न होता.

अंबरसिंगांनी आणि गोविंदराव शिंदे यांच्यासारख्या सर्वोदयी कार्यकर्त्यांनी या प्रकरणात लक्ष घातलं. ते वस्त्यांवर गेले, माणसांकडून काय झालं ते ऐकून घेतलं. ऐकताना विषय त्या एका दिवसावर थांबत नव्हता. धान्य का संपलं? मजुरी किती मिळते? जमीन कुठे गेली? प्रत्येक घरातून हेच पुढे येत होतं.

अशा वेळी दोन गोष्टी सहज घडू शकल्या असत्या. एक म्हणजे सूड. आदिवासी संख्येनं जास्त होते, तीरकमठा घराघरांत होता आणि रागही होता. दुसरी म्हणजे शांतता, पण नेहमीची, म्हणजे पुन्हा खाली मान घालून कामावर जाणं. अंबरसिंगांनी दोन्ही नाकारलं. त्यांनी माणसं एकत्र बसवायला सुरुवात केली.

त्यातून ग्रामस्वराज्य समिती उभी राहिली. नावात गांधी-विनोबांचा विचार होता, पण काम अगदी रोजचं होतं. वस्तीत सभा घ्यायची. कोणाची कोणती जमीन गेली, कधी गेली, कशी गेली, आज कोण कसतो, याची यादी करायची. तलाठ्याकडे जायचं आणि सातबारा मागायचा. ज्या माणसानं आयुष्यात तलाठ्यापुढे मान वर केली नव्हती, तो आपल्या आजोबांचं नाव कागदावर शोधू लागला. बऱ्याच जणांचं नाव तिथं अजून होतं. जमीन फक्त ताब्यात नव्हती.

30 जानेवारी 1972: भूमुक्ती परिषद

या कामाचं मोठं रूप म्हणजे शहाद्यात भरलेली भूमुक्ती परिषद. तारीख होती 30 जानेवारी 1972, म्हणजे महात्मा गांधींचा स्मृतिदिन. दिवस ठरवण्यातच आयोजकांची भूमिका स्पष्ट होती. मागणी कडक असेल, पण मार्ग अहिंसेचाच असेल.

तालुक्याच्या गावी आदिवासी नेहमी येत. बाजाराला येत, तारखेला येत, पोलीस ठाण्यात येत. त्या दिवशी ते स्वतःच्या सभेला आले. आसपासच्या गावांतून हजारोंच्या संख्येनं माणसं चालत आली. परिषदेची मागणी सरळ होती: बेकायदा गेलेल्या जमिनी मूळ मालकांना परत मिळाव्यात.

परिषदेनंतर काम थांबलं नाही. गावोगावच्या याद्यांवरून प्रकरणं पुढे नेली गेली. काही ठिकाणी कसणाऱ्याशी बोलणी झाली, काही ठिकाणी महसूल खात्याकडे अर्ज गेले. काही ठिकाणी मूळ मालक आणि त्याच्या वस्तीतले लोक एकत्र जाऊन शेतात उतरले. या दडपणामुळे अनेक कुटुंबांना जमिनी परत मिळाल्या. सरकारी कायद्यानं जे काम वर्षानुवर्षं केलं नव्हतं, ते संघटित माणसांनी कायद्याचाच आधार घेऊन करून घेतलं.

इथं अंबरसिंगांच्या अहिंसेचा अर्थ लक्षात येतो. त्या काळात देशात इतरत्र जमिनीच्या प्रश्नावर बंदुका उचलल्या जात होत्या. नक्षलबाडीचा उठाव 1967 चा. शहाद्यात हत्यारं जमीनमालकांच्या बाजूला होती आणि पोलीसही बहुधा त्याच बाजूला झुकत. अशा ठिकाणी एका मजुराची हिंसा सगळ्या वस्तीवर उलटली असती. शेकडो माणसं मिळून उघड्यावर, दिवसाढवळ्या, नाव सांगून मागणी करू लागली की तिला दरोडा म्हणणं अवघड होतं. पाटीलवाडीनं शिकवलेला धडा हाच होता.

शहरातली मुलं आणि श्रमिक संघटना

शहाद्याची बातमी मुंबई-पुण्यात पोचली. 1972 च्या आसपास शहरांतले काही तरुण-तरुणी इथं राहायला आले. मुंबई आयआयटीत शिकलेले अभियंते कुमार शिराळकर, पुढे कादंबरीकार म्हणून ओळखले गेलेले दीनानाथ मनोहर, विजय कान्हेरे अशी ही मंडळी होती. त्यांच्यातले काही सर्वोदयाच्या ओढीनं आले, काही मार्क्सवादी विचार घेऊन आले. वाहरू सोनवणे यांच्यासारखे स्थानिक भिल्ल तरुण त्यांच्या बरोबरीनं काम करू लागले.

1972 मध्येच श्रमिक संघटना उभी राहिली. जमिनीच्या प्रश्नाला आता मजुरीचा प्रश्न जोडला गेला. सालदारांच्या वर्षाच्या रकमेत वाढ हवी, कामाला मर्यादा हवी, सुट्टी हवी. रोजंदारीच्या मजुरांना किमान वेतन हवं. मागण्या शहरातल्या गिरणी कामगाराला साध्या वाटाव्यात अशा होत्या. सालदाराला सुट्टीचा हक्क असतो, ही कल्पना मात्र शहाद्यात अगदी नवी होती.

सर्वोदयी आणि मार्क्सवादी यांच्यात मतभेद होते. सर्वोदयाला मालकाचं मन बदलायचं होतं. डाव्या तरुणांना मालक आणि मजूर यांचे हितसंबंध वेगळे आहेत हे मांडायचं होतं. अंबरसिंग दोघांमधला दुवा होते. त्यांना दोन्ही भाषा कळत होत्या, आणि या दोघांनाही न येणारी तिसरी भाषा, वस्तीतली बोली, ही त्यांची स्वतःची होती. बाहेरून आलेल्या कार्यकर्त्यावर वस्ती विश्वास ठेवायची, कारण तो अंबरसिंग महाराजांबरोबर आलेला असायचा.

दुष्काळ, बायका आणि दारूची मडकी

1972 चा दुष्काळ महाराष्ट्राच्या स्मरणातून जाणार नाही असा होता. गावोगाव दुष्काळी कामं निघाली. रस्ते, बंडिंग, खडी फोडणं. या कामांवर हजारो मजूर एकत्र येत होते. शेतात मालकाच्या बांधावर विखुरलेली माणसं इथं एका ठिकाणी भेटत होती. काम मागणं, मजुरी वेळेवर मागणं, मोजमाप तपासणं हे सगळं संघटनेनं इथं शिकवलं. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना याच काळात आकाराला आली आणि पुढे 1977 मध्ये तिचा कायदा झाला. काम मागणं हा हक्क आहे, ही गोष्ट राज्यभरच्या अशा मजुरांनीच ठाम केली.

या काळात बायका पुढे आल्या. सभा, मोर्चे, घेराव यांत त्यांची संख्या मोठी असायची. गाणी त्यांची, घोषणा त्यांच्या. मग त्यांची शिबिरं होऊ लागली. शिबिरात बोलायची वेळ आली तेव्हा बायकांनी जमिनीआधी आणि मजुरीआधी आणखी एक विषय काढला. दारू पिऊन नवरा मारतो.

त्यानंतर जे घडलं ते कुणा नेत्यानं ठरवलेलं नव्हतं. बायकांचे जथे गावोगावच्या दारूच्या अड्ड्यांवर जाऊ लागले आणि मडकी फोडू लागले. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला चारचौघांत जाब विचारला जाऊ लागला, माफी मागायला लावली जाऊ लागली. भारतातल्या स्त्रीमुक्ती चळवळीचा इतिहास सांगताना शहाद्याचं नाव आजही घेतलं जातं ते यामुळे.

दारूबंदी हा अंबरसिंगांच्या कामाचा अगदी सुरुवातीचा विषय होता. तेव्हा तो भजनातला उपदेश होता आणि तो मुख्यतः पुरुषांना उद्देशून होता. आता तोच विषय बायकांनी आपल्या हातात घेतला आणि त्याचा अर्थच बदलला. कुणीतरी सुधारावं म्हणून विनवणी करण्याऐवजी त्या आपल्या घरातला आणि गावातला नियम स्वतः ठरवत होत्या.

समोरून काय उत्तर आलं?

मोठ्या शेतकऱ्यांनाही आपलं म्हणणं होतं. शेतातली पिकं चोरीला जातात, मजूर कामावर येत नाहीत, बाहेरची माणसं येऊन गाव बिघडवतात, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. त्यातून पीक संरक्षण सोसायट्या निघाल्या. नावाप्रमाणे त्या पिकाच्या राखणीसाठी होत्या. प्रत्यक्षात मजुरांच्या संघटनेला धाकात ठेवण्यासाठी त्यांचे पगारी रखवालदार वापरले जातात, असा संघटनेचा आरोप होता. मारहाणीच्या तक्रारी वाढल्या. कार्यकर्त्यांवर गुन्हे दाखल होणं नेहमीचं झालं.

या भागात राजकीय ताकदही त्याच लोकांकडे होती. सहकारी संस्था, बाजार समिती, पंचायत समिती यांच्या चाव्या त्यांच्याकडे होत्या. त्यामुळे संघटनेचा झगडा कुणा एका वाईट मालकाशी नव्हता. निवडणूक होते, पंचायत असते, सोसायटी असते, तरीही गावातला निम्म्याहून अधिक माणूस निर्णयाच्या बाहेर राहतो, ही स्थिती बदलायची होती. म्हणून सालदारांची वस्तीतली सभा ही अंबरसिंगांच्या कामातली सर्वांत साधी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट होती.

लवकर आलेला शेवट

1974 मध्ये अंबरसिंगांचं निधन झालं. भूमुक्ती परिषदेला जेमतेम दोन वर्षं झाली होती. संघटना वाढत होती, खटले चालू होते, दुष्काळाच्या जखमा ताज्या होत्या. नेमक्या अशा वेळी वस्त्यांचा सगळ्यात जवळचा माणूस गेला.

त्याच वर्षी राज्य सरकारनं जमिनीच्या कायद्यात मोठा बदल केला. जमीन महसूल संहितेत 36-अ हे कलम आलं. 6 जुलै 1974 पासून आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला देण्यावर कडक बंधनं आली. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय असा व्यवहार करता येत नाही. दुसरा कायदा जमिनी परत देण्याचा होता. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात बिगर आदिवासींकडे गेलेल्या जमिनी मूळ आदिवासी खातेदाराला परत देण्याची त्यात तरतूद होती. तो 1 नोव्हेंबर 1975 पासून लागू झाला.

हे कायदे एकट्या शहाद्यामुळे झाले असं म्हणता येणार नाही. ठाणे जिल्ह्यातल्या वारली आंदोलनापासून राज्यभर आदिवासी जमिनीसाठी झगडत होते. पण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला या प्रश्नाकडे डोळेझाक करणं सरकारला अवघड झालं, त्यात शहाद्याच्या वस्त्यांचा वाटा मोठा होता. अंबरसिंगांनी जी यादी वस्तीत बसून केली होती, तशीच यादी आता महसूल खात्याला करावी लागणार होती.

मागे काय राहिलं?

अंबरसिंगांनंतर श्रमिक संघटनेचं काम अनेक वर्षं चाललं. कुमार शिराळकर पुढे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षात गेले आणि शेतमजुरांच्या संघटनेत शेवटपर्यंत काम करत राहिले. 2022 मध्ये त्यांचं निधन झालं. वाहरू सोनवणे कवी म्हणून महाराष्ट्रभर पोचले. त्यांची स्टेज ही कविता प्रसिद्ध आहे. आदिवासींचं दुःख आदिवासींनाच समजावून सांगणाऱ्या, व्यासपीठावर बसलेल्या माणसांबद्दल ती आहे. संघटनेत नेतृत्व कुणाचं असावं, बोलायचं कुणी आणि ऐकायचं कुणी, हा अवघड प्रश्न अंबरसिंग असताना फारसा टोचत नव्हता. ते गेल्यावर तो उघडा पडला. ज्याला वस्तीची बोली येते आणि कागदही वाचता येतो, असा माणूस सहजासहजी मिळत नाही.

अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरात प्रश्नाचं रूप थोडं वेगळं होतं. तिथं जमीन वनखात्याच्या नावावर होती आणि कसणारा अतिक्रमणदार ठरत होता. 1990 च्या दशकात सरदार सरोवराच्या पाण्यानं अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली आणि इतर नर्मदाकाठची गावं वेढली, तेव्हा तिथल्या लोकांनीही गावसभा हेच आपलं मुख्य साधन मानलं. 1996 मध्ये पेसा कायदा आला आणि अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला अधिकार मिळाले. 2006 मध्ये वनहक्क कायदा आला. त्यानुसार वनजमिनीच्या दाव्याची पहिली तपासणी ग्रामसभेनं करायची असते. गावानं एकत्र बसायचं, कोण किती वर्षं कोणती जमीन कसतो ते सांगायचं, पुरावा जोडायचा, यादी करायची. 1971 मध्ये शहाद्याच्या वस्त्यांनी जे स्वतःच्या हिमतीवर केलं होतं, ते आता कायद्यात लिहिलेलं काम आहे.

सालदारकी पूर्वीसारखी राहिली नाही, पण मजुरीसाठी स्थलांतर संपलेलं नाही. दिवाळीनंतर अक्कलकुवा, मोलगी, धडगावकडची कुटुंबं आजही ऊसतोडीला आणि इतर कामांना गुजरातेत आणि सपाटीवर जातात. उचल घेऊन जातात आणि हिशोब करून परततात. परत मिळालेल्या जमिनींपैकी काही पुन्हा दुसऱ्याच्या ताब्यात गेल्या. अंबरसिंगांनी हाती घेतलेलं काम पूर्ण झालं असं कुणी म्हणणार नाही.

पण एक गोष्ट मागे फिरली नाही. 1971 पर्यंत शहादा-तळोद्यातला भिल्ल मजूर तालुक्याच्या कचेरीत बोलावलं तरच जायचा. त्यानंतर तो सातबारा मागायला, कामाचा अर्ज द्यायला, मजुरीचा हिशोब विचारायला स्वतःहून जाऊ लागला. त्याच्या मागून त्याची बायको जाऊ लागली, आणि बऱ्याचदा ती त्याच्या पुढे चालत होती.